विमानाच्या नाकावर काढलेलं नाव

परवा वाचनालयात चार शिकलेली माणसं एका परदेशी मासिकावर वाकली होती. त्यात गेल्या लढाईतल्या बॉम्बफेकी विमानांचे फोटो होते. कॉकपिटमधल्या तबकड्या ते बोटानं मोजत होते आणि विमानांची टोपणनावं मोठ्यानं वाचत होते. "काय गोड नाव ठेवलंय!" एक जण म्हणाला. मी ते मासिक ओढून घेतलं आणि टेबलावर आपटलं. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. राग माझा माझ्यावरच आहे, आणि तो वीस वर्षांत कमी झालेला नाही.

तेव्हा मी बाविशीचा होतो. नगरला छावणीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. विमानांचं मला खूळ होतं. नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचो, आणि सोल्जरांकडून ऐकलेली टोपणनावं एका वहीत उतरवून ठेवायचो. ती विमानं कुठं जाऊन काय करतात, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही.

लढाई ऐन भरात असताना इंजिन बिघडलेलं एक बॉम्बफेकी विमान शहराबाहेरच्या माळावर उतरलं. त्याच्या नाकावरच्या नावाचे पोपडे निघाले होते, म्हणून गोऱ्या वैमानिकाला पेंटर हवा होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मजुरी नको, फक्त आत बसू द्या. त्यानं बसू दिलं. गुडघ्यांमध्ये दांडा, समोर तबकड्याच तबकड्या, पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास. तासभर मी तिथून हललो नाही.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, नवं नाव इथल्या बाईचं पाहिजे, तुझ्या मैत्रिणीचं दे. मला कुठली मैत्रीण? पण तसं सांगायची लाज वाटली. समोरच्या शिंपी चाचांच्या सुनेचं नाव मी देऊन टाकलं. तिची सासू दिवसभर तिला हाका मारायची, म्हणून ते माझ्या तोंडात बसलेलं. पिवळ्या अक्षरांना लाल सावली दिली. खाली छोट्या बॉम्बची रांग होती, एका हल्ल्यामागे एक. तीही उजळून दिली.

"आता कुठं जाणार?" मी विचारलं.

"रंगून."

तिचा नवरा रंगूनच्या गोदीत कामाला होता. जपान्यांनी ते शहर घेतल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ठाऊक होतं. मला त्या वेळी त्याची आठवणही झाली नाही.

इंजिन दुरुस्त झालं, विमान उडालं आणि मी फुशारकी मारायला थेट चाचांच्या दुकानात गेलो.

"चाचा, तुमच्या घरातलं नाव आभाळात गेलं!"

"कुनाचं रं?"

"भाभीचं. विमानावर काढलंय, हातभर अक्षरांत."

चाचांचं मशीन थांबलं. "कुठं गेलं ते इमान?"

रंगूनला, मी सांगितलं आणि सांगता सांगताच मला भाभीच्या नवऱ्याची आठवण झाली.

"लई हुशार हायेस," चाचा म्हणाले. "तिचा नवरा चारचौघांत तिचं नाव घेत न्हवता. तू ते गोऱ्याला दिलंस, माझ्या पोरावर बॉम्ब टाकाया."

संध्याकाळी ती स्वतः दारात आली. त्याआधी आम्ही कधी बोललो नव्हतो.

"भाऊ, तेवढं पुसून या."

"विमान गेलं, भाभी."

"मग सायबाला पत्र लिवा. म्हनावं, माझं पुसा आन् हवं तर पेंटरचं लिवा."

लिहितो म्हणालो. लिहिलं नाही. छावणीत चौकशी केली असती तर पत्ता मिळाला असता. पण मला पाट्यांचं काम तिथूनच मिळायचं आणि मी घाबरलो.

लढाई संपल्यावर रंगूनच्या गोदीतला एक माणूस परत आला. त्यानं सांगितलं, कामगारांच्या चाळीवर बॉम्ब पडले, त्यात चाचांचा मुलगा गेला. कुणाचे बॉम्ब, असं मी विचारलं. "तवा इंग्रजांचेच पडत हुते," तो म्हणाला.

मी त्यांच्या घरी गेलो. ती पडद्याआड होती. तिथूनच तिनं विचारलं, "भाऊ, पत्र लिवलं हुतं न्हवं? पुसलं न्हवं त्यांनी?"

"हो भाभी. लगेच पुसलं. तसं उत्तर आलं होतं."

"मग तेवढं तरी बरं झालं," ती म्हणाली.

ती अजून समोरच राहते आणि अजून ते खरं धरून चालते. तिला धीर द्यायला मी खोटं बोललो, असं कुणी म्हणेल. तसं नाही, मी स्वतःला वाचवायला बोललो. दर ईदला ती शिरखुर्म्याचा वाडगा पाठवते, आणि मी तो खातो.