मूळ गावाचा रकाना

माणसाचे मूळ ही जगातली सर्वांत पवित्र गोष्ट आहे, हे मला सोलापुरात एका कापड दुकानाच्या गादीवर कळले. सांगणारे शेठ म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे होते. जपानी कापडावर जबर जकात बसवा, अशी गर्जना ते रोज संध्याकाळी करीत. स्वतःची वखार जपानी कापडाने गच्च भरून झाल्यावर त्यांना हे सुचले होते. टाळ्या मात्र दुसऱ्या वाक्याला पडत: परक्यांना हाकला. परके म्हणजे निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगू विणकर. त्यांची घरे म्युनिसिपालिटीच्या जागेवर होती. ती रिकामी करून घ्यायची.

त्यासाठी छापील तक्ता निघाला. नियम शेठनीच घातला: ज्याचे मूळ गाव इंग्रजी अमलाबाहेर, कुठल्याही संस्थानात, तो परका. मी शाळामास्तर, अक्षर बरे, म्हणून लेखणी माझ्याकडे आली.

पहिलेच घर माझ्या शेजारच्या विणकराचे. त्याच्या मागाच्या खटखटीत मी वर्षानुवर्षे वह्या तपासल्या होत्या.

"मूळ कुठलं रे तुझं?" शेठनी विचारले.

तेलुगूत मूला म्हणजे कोपरा. त्याने मान वळवून खोलीचा कोपरा दाखवला. "हे की. खड्डा खणून माग बसवलाय. हितनं हलवला तर मोडतोय, शेठ."

त्याला प्रश्न कळला नव्हता की चांगलाच कळला होता, हे मी अजून ठरवलेले नाही.

"कोपरा न्हाय, गाव सांग. बापाचं."

त्याने सांगितले. तेलंगणातले निघाले.

"लिहा मास्तर, परका. आठ दिवसांत घर रिकामं."

सूत उकलणाऱ्या त्याच्या बायकोचा हात थांबला. मी लिहिले. वरची ओळ मी मोकळी सोडली होती. म्हणालो, "यादी आपल्या नावानं सुरू झाली तर शोभेल."

शेठ खुलले. "लिहा की. मूळ गाव दुधनी. चार पिढ्या. अस्सल."

अस्सल लिहायला रकाना नव्हता. होता तो मी नियमाप्रमाणे भरला आणि तक्ता त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि घडी घालून खिशात ठेवला. त्या संध्याकाळच्या भाषणात नुसता जपान होता. माग कोपऱ्यातच राहिला.

दुधनी अक्कलकोट संस्थानात होती.