गाळलेली ओळ

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीत आहे, माझी मैत्रीण स्टोअरला. ती करमाडची, मुसलमान घरातली, पण शाळा मराठी. उर्दू तिला बोलता येतं, वाचता येत नाही. मी मात्र शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा उर्दूचा वर्ग केला होता. डब्याच्या सुट्टीत मी सगळ्यांना लग्नाच्या पत्रिका वाचून दाखवायचे. कुणी कौतुक केलं की "छे गं" म्हणायचे आणि मनातून ते शंभर टक्के खरं मानायचे.

एक दिवस मैत्रीण म्हणाली, "फुफीच्या पेटीत माझ्या आजोबांचं पत्र सापडलंय. वाचून देशील का?"

"त्यात काय! रविवारी येते."

फुफी म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण, सत्तरीच्या घरातली. आजोबा हैदराबादला नोकरीला होते आणि तिथंच वारले. त्यानंतर फुफीच्या काकांनी तिला चौथीतून काढलं. तिच्या भावाला शिकवलं. पण आई तिला सांगायची, तुझ्या अब्बांना तुला शिकवायचं होतं, त्यांनी तसं लिहून पाठवलं होतं. फुफीनं ही गोष्ट पोरा-नातवंडांना कितीदा तरी सांगितली होती. आता ते पत्र हाती आलं होतं.

घरातले सगळे जमले. फुफी डोक्यावरचा पदर सारखा करून माझ्यासमोर बसली. मी घडी उघडली. मला छापील अक्षरांची सवय. हे हातानं घाईत लिहिलेलं, नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, कुठले कुठं. तरी मी सुरू केलं. ख्यालीखुशाली जमली. मग आलं, "मेरे बेटे को मदरसे से मत उठाना." माझ्या मुलाला शाळेतून काढू नका. त्याखालची ओळ मला अजिबात लागेना. "इथं शाई पुसट झालीय, सलाम-दुआच आहे," असं म्हणून मी पुढं सरकले.

शाई पुसट नव्हती.

फुफीनं विचारलं, "बेटे को? माझं काय नाय त्यात?"

"नाही. मुलाचंच आहे."

"नीट बगितलं ना, बेटा?"

"हो, अगदी स्पष्ट आहे."

ती "व्हय" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहा मात्र दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला.

पत्राचा मी फोनवर फोटो घेतला होता. आठवड्यानं तो आमच्या वर्गातल्या म्हाताऱ्या सरांना दाखवला. सल्ला घ्यायला नाही, शाबासकी घ्यायला. सरांनी फोटो मोठा केला. "काय वाचलंत तुम्ही?" मी सांगितलं. ते म्हणाले, "जुन्या हस्ताक्षरात 'बेटे' आणि 'बेटी' एकसारखंच लिहायचे. पुढची ओळ बघून ठरवायचं असतं. हे बघा, 'भाई के साथ भेजा करो.' भावासोबत पाठवत जा. मुलगा एकच म्हणता ना? म्हणजे ही मुलगीच की!"

मी गाळलेली ओळ ती हीच.

खरं तर लगेच करमाड गाठायला हवं होतं. मी तीन आठवडे घालवले. कधी ओव्हरटाइम, कधी डोकेदुखी. मला किती येत नाही हे कळायलासुद्धा माझ्याजवळ होतं त्याहून जास्त उर्दू लागत होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. ते खोटं नाही. पण ती ओळ येत नव्हती, हे तर मला तिथंच कळलं होतं. त्याच दिवसांत मैत्रीण सहज बोलून गेली, "फुफी आता अब्बांचं काहीच सांगत नाही गं. पोरांनी विचारलं तरी नाही." तेव्हा मी सरांनी सांगितलेलं तिला सांगितलं. तिनं डबा बंद केला आणि म्हणाली, "आजच चल."

सरांनी ते पत्र देवनागरीत लिहून दिलं होतं. या वेळी मैत्रिणीनं वाचलं. "मेरी बेटी को मदरसे से मत उठाना. भाई के साथ भेजा करो." फुफीनं ते तीनदा वाचायला लावलं. मग कागद हातात घेतला. चौथीपर्यंतची तिची अक्षरं उर्दूतली, तीही कधीच विसरलेली, आणि देवनागरी तिला येत नव्हती. तरी ती कागदावर बोट फिरवत राहिली.

"माफ करा, फुफी," मी म्हणाले. "माझ्याकडून चुकीचं वाचलं गेलं."

"जाऊ दे, बेटा. शाई पुसट होती म्हणली ना तू. कुणाचं बी चुकंल."

मैत्रीण माझ्याकडं बघत होती. शाई पुसट नव्हती, मला ती ओळ आली नव्हती आणि तसं म्हणायची लाज वाटली होती, एवढंच सांगायचं होतं. मी मान हलवली आणि म्हणाले, "हो ना, जुनी शाई."

फुफीनं नातीला हाक मारून माझ्यासाठी शिरखुर्मा आणायला सांगितलं. मी तो सगळा संपवला.