पाडलेली भिंत आणि काकाचे पोहे

लोकहो, मन घट्ट करून ऐका. साठीच्या दशकात तासगावातल्या आमच्या घराने स्वयंपाकघराची भिंत पाडली आणि माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न पणाला लागले.

भिंत पाडली काकाने. पलटणीतून कायमचा घरी आला तो साहेबाच्या बंगल्यातले स्वयंपाकघर डोळ्यांत घेऊनच. तिथे म्हणे बैठक आणि स्वयंपाक यांच्यात आडोसाच नाही. मडम कांदा चिरता चिरता पाहुण्यांशी बोलते. काकाने पहार उचलली. चूल परसात गेली. तिच्या जागी उभ्याचा ओटा आला, ओट्यावर स्टोव्ह आणि समोर गप्पांसाठी बाकडे.

"आवं भावजी, आता मामंजींच्या म्होरं उभ्यानं भाकरी थापू व्हय?" आई म्हणाली.

"वैनी, जग लय म्होरं गेलंय!"

गेले असेल, पण आमच्या घराचे एक गुपित त्या भिंतीमागेच होते. मुलगी बघायला पाहुणे आले की पोहे करायचा सुट्टीवर आलेला काका, आणि "पोरीनं केल्यात" म्हणायचे वडील. आमच्या दोन्ही आत्या त्याच पोह्यांवर नांदायला गेल्या होत्या.

बहिणीला बघायला औंधचे पाहुणे आले. मुलाला तिने यमाईच्या जत्रेत लांबून पाहिले होते. आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी ती, सकाळपासून चार वेळा वेणी घालत होती.

पाहुणे बाकड्यावर टेकले. बहीण अजून शेजारच्या घरात नटत होती. वडिलांनी सवयीने घसा खाकरला. "पोरीचं पोहं होतच आल्यात बगा."

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिले. तिथे खाकी अर्ध्या चड्डीतला, झुपकेदार मिशांचा काका कढई हलवत होता. त्याने घाईने खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर ओढला. आईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बहीण दारात आली. तिने टॉवेल पाहिला, पाहुण्यांची तोंडे पाहिली आणि तिचे डोळे भरून आले.

काका पोह्यांच्या बशा घेऊन पुढे आला. मुलाची आई खाली मान घालून खात राहिली. तिने बशी पुसून खाल्ली, पुन्हा पुढे केली, बहिणीला जवळ बसवले आणि भरल्या तोंडानेच म्हणाली,

"पोरगी पसंत हाय! पर पाठराखीण म्हणून ह्यो चुलताच धाडा!"