वंदनाताईंचे चार मायक्रॉन

“टाकून द्यायचा का दुरुस्त करायचा, एवढंच सांगा जाधवराव,” असं म्हणत नानांनी मायक्रोमीटर टेबलावरून माझ्याकडे सरकवला. “न्हाईतर आजच नवा मागवतो. आमाला ह्यो विषय संपवायचाय.”

नानांचं चाकणला वर्कशॉप आहे. घराणं गावातलं जुनं, शेतीतून थेट सीएनसी मशिनवर आलेलं. एका मोठ्या कंपनीला ते अठरा मिलिमीटर जाडीच्या पिना पुरवतात. माझी भोसरीत छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. लोकांची मोजायची हत्यारं खरं बोलतात की नाही ते तपासायचं आणि तसं सर्टिफिकेट द्यायचं, हा माझा धंदा. त्याआधी सत्तावीस वर्षं एका कंपनीच्या गेज रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत काढली. नानांचा हा मायक्रोमीटर दरवर्षी माझ्याकडे यायचा आणि पासचं स्टिकर लावून परत जायचा.

मायक्रोमीटर म्हणजे घोड्याच्या नालेसारखी एक फ्रेम आणि तिच्यात पुढेमागे होणारा दांडा. वस्तू दोन फेसच्या, म्हणजे समोरासमोरच्या सपाट टोकांच्या मध्ये धरायची, दांडा फिरवून हलका टेकवायचा आणि आकडा वाचायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केससुद्धा साठसत्तर मायक्रॉनचा भरतो. नानांची पीन अठरा मिलिमीटरपेक्षा दहा मायक्रॉन बारीक चालायची, पण एक मायक्रॉनही जाड चालत नव्हती.

विषय काय होता ते सांगतो. कंपनीचा ऑडिटर आला होता आणि फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलामागे उभा राहून बघत होता. टेबलावर वंदनाताई. एकोणीस वर्षं त्याच टेबलावर. ताईंनी पीन मोजली, आकडा आला १७.९८८, म्हणजे नापास. रजिस्टरात मात्र त्यांनी १७.९९२ लिहिलं आणि पीन पासच्या ट्रेमध्ये ठेवली. पुढच्या पिनेलाही तसंच. वाचायच्या एक आकडा आणि लिहायच्या त्यात चार मायक्रॉन वाढवून. ऑडिटरने हटकल्यावर ताई शांतपणे म्हणाल्या की हा मायक्रोमीटर चार कमी दाखवतो. त्याने सर्टिफिकेट मागवलं. त्यावर ‘त्रुटी नाही’ असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही.

कंपनीचं पत्र आलं. नोंदी खोट्या आहेत, आठ दिवसांत खुलासा द्या, आणि तोपर्यंत या बाईंना इन्स्पेक्शनवर बसवू नका. नानांनी ताईंना पॅकिंगला पाठवलं. खुलाशात काय लिहायचं तेही त्यांनी ठरवलं होतं: हत्यार बदललं, माणूस बदलला. ताईंची नोकरी जाणार होती, आणि जाताना त्या कपाळावर खोटेपणाचा शिक्का घेऊन जाणार होत्या. चाकणमध्ये असा शिक्का बसलेल्या इन्स्पेक्टरला पुन्हा कोणी टेबलावर बसवत नाही.

खरं सांगतो, मलाही ताईंनीच आकडे फिरवले असं वाटलं होतं. माझं सर्टिफिकेट चुकलं असेल हा विचार मनाला शिवलाही नाही. आपली सही आपल्याला फार खरी वाटते.

मायक्रोमीटर बॅगेत टाकून निघालो होतो. जाताजाता इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी थांबलो. खाली रिजेक्ट मालाची लाल क्रेट होती आणि ताईंच्या हातचा शेवटचा माल अजून तिच्यातच पडला होता. चाळा म्हणून एक पीन उचलली आणि त्याच मायक्रोमीटरने मोजली. १७.९९८. म्हणजे पास. मग ही लाल क्रेटमध्ये कशी? दुसरी उचलली, १७.९९७. तिसरी पुन्हा १७.९९८. सात पिना मोजल्या. या हत्याराच्या हिशेबाने सातही चांगल्या होत्या आणि ताईंनी त्या फेकून दिल्या होत्या.

मी तिथेच स्टुलावर बसलो. खराब माल पुढे ढकलण्यासाठी जो आकडे फिरवतो, तो चांगला माल रिजेक्टमध्ये कशाला टाकेल? चार मिळवून बघितले तेव्हा या पिना अठराच्या वर जात होत्या. बाई दोन्हीकडून प्रामाणिक होत्या.

पॅकिंगला गेलो. ताई खोकी चिकटवत होत्या. चार हा आकडा आला कुठून, असं विचारलं. त्यांनी लॉकरमधून व्हॅसलीनची जुनी डबी आणली. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक पीन होती. काम सुरू झालं तेव्हा कंपनीच्याच मोठ्या मशिनवर मोजलेली. तिच्या चिठ्ठीवर १७.९९६ लिहिलं होतं. ताई रोज सकाळी आधी ही पीन मोजायच्या. तीन वर्षांपूर्वी ती दोनने कमी दिसायला लागली, मग तीनने, आता चारने. सुपरवायझरला सांगितलं तर त्याने स्टिकरवर बोट ठेवलं. म्हणून ताईंनी फरक मनात धरायला सुरुवात केली. शिफ्टमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. ‘ताईंच्या मायक्रोमीटरला चार धरायचे’ असं नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. कागदावर मात्र कुणीही उतरवलं नाही.

ती पीन घेऊन लॅबला आलो. आधी नेहमीप्रमाणे स्लिप गेज लावले. हे अचूक जाडीचे पोलादी ठोकळे असतात. शून्य बरोबर, दहा बरोबर, अठरासुद्धा बरोबर. मग ताईंची पीन लावली. १७.९९२. आमच्या कम्पॅरेटरवर, म्हणजे लॅबच्या त्याहून अचूक मोजयंत्रावर तीच पीन १७.९९६ भरली.

तेव्हा कपाटातून ऑप्टिकल फ्लॅट काढला. ही काचेची जाड, अगदी सपाट चकती. फेसवर ठेवली की रंगीत पट्टे दिसतात. पट्टे सरळ असतील तर फेस सपाट. माझे पट्टे मधोमध वाकले होते. दोन्ही फेसवर.

कारण साधं होतं. मायक्रोमीटर स्टँडला लावलेला, पीन रोज त्याच जागी, त्याच दिशेने, दिवसाला शेकडो. जुना पाटा मधोमध खोलगट होतो तसा दोन्ही फेसवर उथळ चर पडला होता. डोळ्याला न दिसणारा. सपाट ठोकळा चराच्या दोन्ही काठांवर टेकतो, त्याला चर कळतच नाही. गोल पीन चरात उतरते आणि तेवढी बारीक दिसते. ही चकती दर वेळी लावायची असते. मी ती लावणं कधीच सोडलं होतं. स्लिपचे आकडे बरोबर आले म्हणजे फेस सपाट असणारच, असं धरून चाललो होतो. माझं बघून माझी माणसंही तसंच करत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं चाललं होतं, आणि चोर माझ्याच खुर्चीत बसला होता.

आता नानांच्या प्रश्नाचं उत्तर. हत्यार दुरुस्त होण्यासारखं होतं. फेस लॅप करायचे, म्हणजे बारीक पेस्टने घासून पुन्हा सपाट करायचे. दुपारभराचं काम. पण लॅप केलं की चर जाणार. नवा घेतला तर जुना भंगारात जाणार. दोन्हीकडे ताईंचा एकुलता एक पुरावा पुसला जात होता, आणि माझी चूकही.

मोह झाला. नाही झाला म्हणणं खोटं ठरेल. लॅप करून, नवं सर्टिफिकेट लावून पाठवला असता तर कोणी काही विचारलं नसतं. नाना तर वाटच बघत होते. पण ती डबी माझ्या टेबलावर होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. लाज वाटत होती.

नानांना फोन केला. म्हणालो, “दुरुस्त होईल, पण आज करणार नाही. आधी तुमच्या ऑडिटरला इथे आणा. चूक ताईंची नाही, माझी आहे.”

 नाना म्हणाले, “आवो, तुमचंच नुकसान हाय त्यात.”

“आहे.”

“व्हय तर. मग आणतो त्याला.”

ऑडिटर दुसऱ्या दिवशी आला. तरुण होता, पण कामाचा पक्का. मी आधी ठोकळा लावला, मग पीन, मग काचेची चकती. त्याने वाकलेले पट्टे दोनदा बघितले, फोटो घेतले. मागच्या तीन वर्षांची सर्टिफिकेटं मी लेखी परत घेतली. ज्या ज्या गिऱ्हाइकांचा मायक्रोमीटर गोल मालावर चालतो त्यांनाही पत्रं धाडली. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्याबद्दल तक्रार नाही. ताईंच्या जुन्या नोंदी कंपनीने बरोबर धरल्या. ताई पुन्हा टेबलावर आल्या.

मग मायक्रोमीटर लॅप केला. इतका सुंदर झाला की माझा मलाच अभिमान वाटला. स्वतः घेऊन चाकणला गेलो. ताईंनी डबीतली पीन मोजली, बरोबर १७.९९६ आलं. खूश झालो. म्हटलं, वीस पिना मोजा. त्यांनी मोजल्या, लिहिल्या. मी आकडे ताडून बघितले तर बारा पिनांना चार जास्त लागले होते. हत्यार आता खरं बोलत होतं आणि हात जुनी सवय सोडत नव्हता.

ताईंनीच पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “साहेब, हा मला देऊ नका. दांड्याला हात लागला की चार आपोआप येतात.”

नानांनी नवा डिजिटल मागवला. आकडा छोट्या पडद्यावर उमटतो आणि वायरने थेट कॉम्प्युटरला जातो, मध्ये मनात धरायला जागाच नाही. म्हणजे टाकायचा का दुरुस्त करायचा, याचं उत्तर शेवटी दोन्ही निघालं. दुरुस्त केलेला मायक्रोमीटर नानांनी दुसऱ्या लाइनवर दिला, जिथे चारची गोष्ट कुणाला ठाऊक नाही.

निघताना ताईंना विचारलं, तीन वर्षांत मला एक फोन का केला नाहीत? नंबर तर स्टिकरवरच होता.

“नंबरच्या वर पास लिहिलेलं होतं,” ताई म्हणाल्या. “पास म्हणणाऱ्याला काय विचारायचं?”

 तेव्हापासून कुठलाही मायक्रोमीटर लॅबला आला की काचेची चकती आधी लागते, आणि हत्यार आणणाऱ्याला मी ते रोज वापरणाऱ्याचं नाव विचारतो. मग त्या माणसाला फोन लावून विचारतो, तुम्ही याला किती धरता? आतापर्यंत निम्म्या लोकांनी क्षणाचाही विचार न करता आकडा सांगितला आहे.