हिरवी टिकली आणि पोपटाचा गळा

लग्न होऊन वडगावात आले त्याच वर्षी मी एका पदरावरच्या सगळ्या पोपटांचे गळे चिरले.

सुरी वगैरे काही नाही. एक पुठ्ठा उलटा बांधला, एवढंच. सासरी दोन माग होते आणि त्यातल्या एकावर जकार्ड बसवलेलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागाच्या डोक्यावर एक सांगाडा असतो आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते. एक पुठ्ठा म्हणजे विणीची एक ओळ. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तेवढ्या भांडवलावर खाली पोपट उमटतात, चोचीसकट, डोळ्यासकट. माझं माहेर शेजारच्याच शहापूरचं, पण आमचा माग साधा. त्यामुळं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातात केरसुणी घेऊन मी इतका वेळ उभी राहिले की सासूबाईंनी विचारलं, ‘‘झाडालीस का राखण करालीस?’’

माळेची दोरी कुजली होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काम मला दिलं: पुठ्ठे सोडवायचे, एकेक नक्षीच्या नकाशाशी ताडून बघायचा आणि नव्या दोरीत बांधायचा. तीनशे चौऱ्याऐंशी पुठ्ठे. आदल्या दिवशी मी नणंदेबरोबर सिनेमा बघून आले होते आणि त्यातली नायिका हुबेहूब माझ्यासारखी चालते असं माझं ठाम मत झालं होतं. ती माझ्यासारखी, मी तिच्यासारखी नाही. तेव्हा पुठ्ठे बांधले हातांनी, आणि मन घरभर ठुमकत फिरत होतं. शेवटी मोजले. तीनशे चौऱ्याऐंशी. बरोब्बर.

‘‘सगळं बघितलीस?’’ मामंजी म्हणाले.

‘‘व्हय, बघितलो की.’’ आमच्याकडं बायकाही बोलताना ‘आलो, गेलो’च म्हणतात.

मग साडी विणली गेली आणि पदरावरच्या प्रत्येक पोपटाच्या गळ्यावर एक बारीक चीर. प्रत्येकाच्या. मी काय म्हणावं? ‘‘माग म्हातारा झालाय मामंजी,’’ असं म्हणाले. वय वर्षं वीस, त्या मागाशी ओळख आठ महिन्यांची. आणि त्या भल्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. दोन दिवस माग खोलून बसले. मी पाने-पक्कड काढून देत होते, चहा आणत होते, वर मागाची कीवही करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदर मांडीवर घेतला आणि वितीनं मोजत गेले. चिरेपासून चिरेपर्यंत तेवढंच अंतर, परत तेवढंच.

‘‘खोड मागाची असती तर फिरली असती,’’ ते म्हणाले. ‘‘कधी हितं, कधी तितं. ही जागा धरून बसलीया. पुठ्ठं सोड.’’

सोडले. सापडला. मामंजी एक अक्षर बोलले नाहीत, तेलकट हात धुवायला परसात गेले. ते बोलले असते तर मी केव्हाच विसरले असते.

आता माझी नात. ती सिनेमाच्या यंत्रांची दुरुस्ती करते. कंपनी तिला खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही पाठवते. गेल्या वर्षी उसाच्या दिवसांत एका सकाळी तिला निपाणीच्या एका जुन्या टॉकीजमधून बोलावणं आलं. ‘‘मी पण येतो, आक्काला भेटून बरेच दिवस झाले,’’ असं सांगून मी गाडीत बसले. निपाणीची आमची आक्का, माझी थोरली बहीण, त्या आठवड्यात कोल्हापूरला लेकीकडं होती, हे मला माहीत होतं. मला यंत्राची खोली बघायची होती. लहानपणी शहापुरातून थेटरात गेलो की सगळे पुढं पडद्याकडं बघायचे आणि मी मान मोडून मागं, भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाकडं, जिथून उजेड यायचा. वर जायचा जिना होता, पण बायकांना तिथं काय काम?

हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत आम्ही साडेनवाला पोचलो. टॉकीजचे मालक अण्णा दारातच उभे होते. साठीचा माणूस, दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, ‘‘ह्या मोठ्या इंजिनेर काय?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणाले. ‘‘ही माझी शिकाऊ.’’

नात माझ्याकडं बघून डोळे वटारत जिना चढली. मी गुडघ्यांना शिव्या देत तिच्या मागून.

काय सांगू. मला वाटलं होतं रिळं असतील, चाकं असतील, काजळी असेल. खोली दवाखान्यासारखी थंड. एक मोठं यंत्र आणि कपाटाएवढ्या सांगाड्यात दोन-तीन पेट्या, त्यांचे बारीक दिवे लुकलुकत होते. अण्णांनी टेबलाच्या खणातून एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. पंचांगापेक्षा लहान.

‘‘ह्यात काय हाय?’’

‘‘सिनेमा,’’ नात म्हणाली. ‘‘आख्खा.’’

मी ती डबी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. त्यात घरं होती, पाऊस होता, माणसं रडत होती, आणि वजन पावशेरही नाही. कानाशी धरून पाहिली. नातीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

बिघाड असा होता. तीन दिवसांपासून मध्यंतरानंतर एका ठिकाणी पडदा काळा व्हायचा. अकरा सेकंद. आवाज चालू राहायचा: पावलं, मग कडी काढल्याचा आवाज, आणि चित्र परत यायचं तेव्हा नायिका दाराबाहेर उभी. दुपारच्या खेळाला तंबाखूच्या वखारीतल्या बायका येतात, त्यांच्यात यावरून दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, काळोखात ती नवऱ्याला थोबाडीत देते. दुसरा म्हणे, पाया पडते. काही बायका नुसता तो काळोख ऐकायला दुसऱ्यांदा येऊन गेल्या होत्या. अण्णांनी हे सांगितलं आणि हसलेही, पण हसू काही ओठांच्या पुढं गेलं नाही.

नातीनं यंत्र तपासलं, तारा बदलल्या, ती जागा चालवून पाहिली. काळोख. मग ती म्हणाली, ‘‘अण्णा, पेटी बेंगळूरला पाठवायला लागतीया. तीन आठवडे धरा.’’

अण्णा खुर्चीवर बसले. ‘‘तीन आठवडे बंद म्हंजे कायमचं बंद बघ बाळ. भाऊ टपून बसल्यात. मंगल कार्यालय करायचं म्हणत्यात हितं. यंत्र बाहेर पडायचीच वाट बघालेत.’’

मी भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावला होता. जन्मभर ज्या भोकाकडं खालून बघितलं, त्यातून आज वरून बघत होते. खाली रिकाम्या खुर्च्या, दूर पांढरा पडदा. इथं लग्नं लागतील, पंगती बसतील, आणि हे भोक कुणीतरी विटा लावून बुजवेल.

‘‘काळोख कुठं पडतोय गं?’’ मी विचारलं. ‘‘रोज त्याच जागी?’’

‘‘त्याच जागी. सेकंदाचासुद्धा फरक न्हाई.’’

‘‘मग खोड पेटीची न्हाई. पुठ्ठ्याची हाय.’’

‘‘आज्जी, हितं पुठ्ठा न्हाई.’’

‘‘असंल बघ.’’

नात उसासली, पण चांगली आहे, समजावून सांगितलं. सिनेमा या डबीतून आधी पेटीत उतरवतात. पेटीत त्याचे बरेच तुकडे असतात आणि त्यांची एक यादी असते: आधी हा तुकडा, मग तो, याच्यासोबत हा आवाज. तुकडे कुठले आले, कुठले लागले, हे एक सॉफ्टवेअर सांभाळतं. पेटी यादी वाचत जाते आणि पडद्यावर चित्र उमटतं. सांगून झाल्यावर आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं असावं.

‘‘ही तर माळ झाली,’’ मी म्हणाले. ज्या माळेपुढं मी केरसुणी घेऊन उभी राहिले होते तीच इथं, न दिसणारी, आणि पोपटाच्या जागी आख्खी माणसं.

‘‘पण सगळं तुकडं बरोबर हाईत,’’ नात म्हणाली. ‘‘हे बघ.’’ पडद्यावर एक यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढं हिरवी टिकली. ‘‘तरीबी तुझ्या समाधानासाठी परत उतरवून घेतो.’’

तिनं डबी जोडली, बटण दाबलं. मी पिशवीतून संत्रं काढलं. सोलून पहिली फोड तोंडात टाकते तोवर ती म्हणाली, ‘‘झालं. हिरवं.’’

मी अण्णांना फोड दिली. ‘‘अण्णा, तुम्ही पयल्यांदा उतरवलात तवा किती वेळ लागलता?’’

‘‘तवा? जेवून आलो तरी चालूच हुतं. मधी लाईट बी गेलती. आली तसं परत आपोआप सुरू झालं, मग टिकली आली.’’

‘‘आणि आज एका संत्र्यात झालं?’’

नात वळली. माझ्याकडं नाही, यादीकडं. एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली. मग पुटपुटली, ‘‘ह्यो नवीन काय घेतच न्हाई. नाव बघतोय, आकार बघतोय, आणि म्हणतोय, हाय माझ्याकडं. जुनाच तुकडा ठेवून टिकली देतोय.’’

म्हणजे लाईट गेली तेव्हा एका तुकड्याच्या मध्ये भोक राहिलं होतं. बाहेरून तुकडा आख्खा, लांबी बरोबर, संख्या बरोबर. सॉफ्टवेअरनं उघडून बघितलंच नव्हतं. मोजलं आणि सांगितलं, व्हय, बघितलं.

त्या यंत्रात मी मला ओळखलं. वीस वर्षांची, हिरवी, गोल, स्वतःवर खूश. थेट मामंजींच्या समोर उभी राहून थापा मारणारी ती टिकली मीच होते. मला हसू आवरेना. नात म्हणाली, ‘‘काय झालं?’’ म्हणून मग त्या दोघांना पोपटांची गोष्ट सांगितली. नात कधी नव्हे ती पोट धरून हसली.

उपाय मात्र हसण्यासारखा नव्हता. जुना सिनेमा पेटीतून पुसून टाकायचा, मगच नवा आत येणार. आजच्या खेळाच्या यादीत आहे म्हणून सॉफ्टवेअर पुसू देईना, तेव्हा तिनं आधी आजचा खेळच यादीतून काढला. आणि डबीच खराब निघून नवा उतरलाच नाही तर? मग दुपारी अकरा सेकंद नाही, आख्खा पडदा काळा. डबीसुद्धा खरं तर सिनेमा देणाऱ्यांकडं परत पाठवायची होती, अण्णांच्या आळसानं खणात राहिली होती. नातीचं बोट बटणावर थांबलं. तिनं अण्णांकडं बघितलं.

‘‘पूस,’’ अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

या वेळी दोन संत्री संपली, अण्णांनी चहा मागवला, तो प्यालो, मी नातीच्या खुर्चीत एक डुलकी काढली, तरी तुकडे उतरतच होते. सव्वाबाराला शेवटची टिकली आली. माझा आता कुठल्याच टिकलीवर विश्वास नव्हता. नातीनं ती जागा लावली. मी भोकाशी गेले.

मागच्या यंत्रानं हलकासा श्वास घेतला आणि माझ्या कानाजवळून उजेड निघाला. त्यात धूळ तरंगत होती, सोन्याची. लहानपणी खालून बघायचे तीच धूळ. तो उजेड काहीच नव्हता, नुसता उजेड, आणि तिकडं दूर जाऊन तो स्वयंपाकघर झाला. पावलं वाजली. पडदा काळा झाला नाही.

थोबाडीत नाही, पाया पडणं नाही. ती बाई चुलीपासून उठते. पदराला हात पुसते. कोनाड्यातला कंगवा बघते, घेत नाही. दाराशी येते, एकदा मागं वळून घराकडं बघते, आणि कडी काढते. बस्स. अकरा सेकंद. एवढ्यासाठी कुणीतरी चूल मांडली होती, तो कंगवा तिथं ठेवला होता, ते सगळं भोकं आणि ओळी करून या डबीत भरलं होतं, आणि ते निपाणीत येऊन परत बाई झालं होतं. मी खूप वर्षं जगले. असं काही मी क्वचितच बघितलं आहे. शेजारच्या भोकातून अण्णाही बघत होते. त्यांच्या वाढलेल्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

दुपारच्या खेळाला आम्ही थांबलो, मी खाली बायकांत बसले. ती जागा आली तशी कुजबूज थांबली. दाराची कडी वाजली. माझ्या पुढची म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘‘कंगवा न्हाई घेतला बघ तिनं.’’

चार दिवसांनी नातीचा फोन आला. कंपनीनं ते सॉफ्टवेअर सगळीकडं दुरुस्त करायला घेतलं होतं. मी म्हटलं, चांगलं झालं, अण्णांची पेटी वाचली, आता मला एकदा खानापूरला ने. त्यावर ती म्हणाली:

‘‘ते बघू. आधी ऐक. रिपोर्टात बिघाडाचं कारण म्हणून एक रकाना असतोय. त्यात मी लिवलो, पुठ्ठं मोजलं, बघितलं न्हाई. मोठ्या साहेबांचा फोन आलता, पुठ्ठा म्हंजे काय म्हणून. तुझा नंबर दिलोय. नीट बोल त्यांच्याशी, आणि मागाला नावं ठेवू नको.’’