अर्ध्यावर अडकलेला झेंडा

होल्गरचा साठावा वाढदिवस होता. त्याची बायको बीर्गिट उठली ती थेट अंगणात गेली आणि खांबाची दोरी ओढू लागली. ते राहत त्या बेटावर वाढदिवसाला घरोघर झेंडा चढतो, आणि हिचा सगळ्यांच्या आधी. हिवाळ्यात होल्गरला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. यंदा झेंडा टोकाला गेलाच पाहिजे, असं बाईंनी पक्कं ठरवलं होतं.

पण तिचा डावा खांदा कित्येक महिने दुखत होता. आधी नुसता ठणका, मग हात वर जाईना, हल्ली तर पाठीमागचा हूकही लागेना. नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून हिने हूं की चूं केलं नव्हतं. आज दोरी ओढताना अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कशीबशी दोरी खुंटीला गुंडाळून ती आत येऊन बसली. झेंडा राहिला अर्ध्यावर. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरात मयत, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. वेदनेच्या भरात हिलाच तेवढं सुचलं नाही.

शेजारीण टोवे फुलं घेऊन रडतच आली. दार उघडलं पायजम्यातल्या होल्गरने.

"अरे देवा! तू जिवंत आहेस?"

"उठल्यापासून तरी आहे. फुलं माझीच ना? आण इकडे."

टोवे हसावं की मारावं अशा अवस्थेत आत शिरली. "बीर्गिट, काय हा चावटपणा? झेंडा वर कर आधी!"

"होत नाही गं," बीर्गिट म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी होल्गर तिला हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे घेऊन गेला. इंगर नावाच्या त्या बाईने पडलीस का, ताप येतो का, हाताला मुंग्या येतात का, सगळं विचारलं. मग स्वतः हात उचलून पाहिला.

"तू उचल नाहीतर मी, अडतो तिथंच. गोठलेला खांदा आहे हा. सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. एका झटक्यात मोकळा करायचा नसतो, हळूहळू व्यायाम करायचा. वर्षही लागेल, जास्तही. मधुमेहातही हे होतं, डॉक्टरांकडून रक्तातली साखर तपासून घे. पण हात वर जाईना, झोप मोडायला लागली, तेव्हाच यायचंस ना! झोपतेस कशी?"

"उजव्या कुशीवर. डावीकडे वळताच येत नाही."

गाडीत बसल्यावर होल्गरने किल्ली फिरवलीच नाही.

"म्हणून माझ्याकडे पाठ करून झोपतेस?"

"मग काय हौसेने?"

"मला वाटलं, त्या झटक्यानंतर मी तुला नकोसा झालो."

त्याला काळजी नको म्हणून ही गप्प, आणि तो इतके महिने हे मनात ठेवून हिच्या पाठीकडे बघत पडलेला.

"गाढवा," ती म्हणाली आणि चांगल्या हाताने तिने त्याचा कान धरला. "विचारायचंस की रे."

"भीती वाटायची."

कान तिने बराच वेळ सोडला नाही.

"आज पलंगावर जागा बदलू," होल्गर म्हणाला. "तू माझ्या जागी झोप, उजव्या कुशीवरच."