उदगीरहून इम्पोर्टेड

चिखलातून गाडी बाहेर काढली की मडगार्डखाली थर साचलेला असतो. खरवडून काढा, धुवा, चकाचक करा. दुसऱ्या दिवशी गाडी हलवली की परत एक ढेकूळ पडतं! आमच्या जिप्सीच्या किश्श्यांचं तसंच आहे. सगळे सांगून झाले म्हणून आम्ही चहाचे पैसे द्यायला उठतो, आणि कुणीतरी म्हणतं, "अन् ते उदगीरचं सांगितलंच न्हाई की!"

आम्ही म्हणजे चौघं. मी, बालाजी. लोह्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. मनोहर सर आमच्याच तालुक्यातल्या एका हायस्कूलवर गणित शिकवतात. त्यांच्या मिसेस सुनंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स. आणि शकीलभाई, ज्यांचं नांदेडला गॅरेज आहे आणि ज्यांच्या मते जगातली प्रत्येक गाडी कंपनीतून अर्धवटच निघते, बाकीची त्यांनाच पूर्ण करावी लागते. चौघांनी मिळून एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जिप्सी घेतली. तिच्याविषयी कमीपणानं बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर उदगीरचं.

गाडी मल्लप्पा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होती. गोठ्याशेजारी, शेवरीच्या झाडाखाली उभी. रंग उडालेला, टप फाटलेला. पण शकीलभाई खाली घुसले, चेसिसवर हातोडीनं टकटक केलं आणि बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "मियाँ, हाडं सोन्याची हायत. तोंड वाकडं करून उभा राहा, मालकाला कळू देऊ नको."

सौदा ठरला. हातात हात झाला. चावी मागितली तर मल्लप्पा म्हणाले, "आज न्हाई."

"का हो?"

त्यांनी मागचं फाळकं उघडून दाखवलं. मागच्या सीटवर, गवतात, एक कोंबडी अंड्यांवर बसलेली!

"पिल्लं निघू द्या. मग न्या."

आम्ही हात हलवत परत. मधल्या काळात हैदराबादचा एक जण तिथं पोचला आणि आमच्यापेक्षा बरेच जास्त देतो म्हणाला. मी लगेच फोन केला. मल्लप्पा शांतपणे म्हणाले, "त्याला सांगितलं, गाडी लोह्याच्या लोकांची हाय. कोंबडी भाड्यानं बसलीय."

पिल्लं निघाली त्या सकाळी त्यांचाच फोन आला. "आय्तु! झालं काम. या, घेऊन जा."

शकीलभाईंनी मग गाडी मनासारखी पूर्ण केली. स्प्रिंगचे पाटे बदलून उंची वाढवली. मोठे, दातेरी टायर टाकले. पुढं विंच बसवली, म्हणजे रुतली तर दोर झाडाला बांधून गाडी स्वतःला स्वतः ओढून काढणार. आणि बाजूनं एक काळा पाइप थेट टपाच्या वर नेला. खोल पाण्यात इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून.

लोह्याच्या बाजारात गाडी उभी केली की माणसं त्या पाइपाभोवती गोळा व्हायची. एकानं विचारलं, "ही चिमणी कशाची?"

"चिमणी न्हाई," शकीलभाई म्हणाले, "गाडीचं नाक हाय."

"इतकं वर?"

"मालक चौघं हायत ना. चौघांचंबी नाक वर!"

माझ्या आईनं पहिल्यांदा गाडी बघितली आणि मान मागं टाकून म्हणाली, "गाडी हाय का माळवद? शिडी आण!"

उंची वाढवल्यावर आई चढणार कशी, हा विचार कुणीच केला नव्हता. शकीलभाईंनी दुसऱ्या दिवशी लोखंडी पायरी वेल्ड करून दिली. आई चढली, पुढच्या सीटवर पदर सारखा करून बसली. मी मुद्दाम जपून चालवत होतो. तरी चौकातून वळल्यावर ती म्हणाली, "हळू चालव की जरा."

"आई, भीती वाटायली का?"

"भीती कशाची? जाऊबाईचं घर यायलंय!"

त्या घरासमोर तिनं मला हॉर्नही वाजवायला लावला.

पहिली खरी परीक्षा शिरूर अनंतपाळकडच्या एका माळावर झाली. खडी चढण, सुटे दगड. सरांनी चढणीचा कोन मोबाइलवर मोजला आणि म्हणाले, "गणितानं जायला पाहिजे."

गणितानं गाडी निम्म्यात अडकली. सर उतरले. मी बसलो, चाकं जागच्या जागी फिरली आणि दगड मागं उडाले. शकीलभाई बसले, त्यांनी गाडीला दख्खनीत चार गोष्टी सुनावल्या, गाडी उलट दोन हात मागं सरकली. मग आम्ही तिघं एकमेकांना शिकवत बसलो.

सुनंदाताई डब्याचं झाकण लावून उठल्या. "सरका."

काच खाली घेतली, एक हात डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडीशी बोलायला लागल्या. त्याच आवाजात, ज्या आवाजात त्या लेबर रूममध्ये बोलतात. "घाबरायचं न्हाई. श्वास घे. हां... हळू... उगाच जोर लावायचा न्हाई... थांब... आता! आता लाव जोर!"

आणि गाडी गेली की वर! थेट माथ्यावर. खालून सरांनी ओरडून विचारलं, "काय झालं?"

वरून आवाज आला, "सुखरूप!"

शकीलभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "मियाँ, आता पेढे आणावे लागतील."

तेव्हापासून अवघड जागा आली की आम्ही तिघं गपचूप मागं जाऊन बसतो.

लातूरजवळ एकदा हौशी लोकांचा ऑफ-रोडचा मेळावा भरला होता. मोठ्या शहरांतून मोठाल्या गाड्या आलेल्या. एकेकीचं टायर आमच्या बॉनेटला टेकेल एवढं! आमची छोटी जिप्सी रांगेत उभी राहिली तेव्हा माइकवरचा निवेदक म्हणाला, "आणि आता येत आहेत आपले ज्येष्ठ नागरिक!" लोक हसले. सुनंदाताईंनी ओढणीची गाठ मारली, बस्स.

आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. आमची काळी माती ओली झाली की काय करते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. चपलेला धरते, बैलाला धरते, मग गाडीला काय सोडणार? जड गाडी तर तिला फार आवडते. एक पांढरी भलीमोठी गाडी मधोमध पोटापर्यंत रुतून बसली. आमची हलकीफुलकी पोरगी तिच्या शेजारून तरंगत गेल्यासारखी गेली, पलीकडच्या घट्ट जमिनीवर उभी राहिली, आणि ताईंनी विंचचा दोर सोडायला सांगितला.

पांढरी गाडी इंच इंच करत बाहेर आली. आता लोक हसत नव्हते, टाळ्या वाजवत होते. निवेदकानंही "ताई, माफ करा!" म्हटलं माइकवर. माणूस चांगला होता.

पांढऱ्या गाडीचे मालक आमच्या गाडीभोवती फिरले, वाकून पाटे बघितले. "सुंदर काम केलंय! गाडी इम्पोर्टेड आहे का?"

शकीलभाईंनी छाती काढली. "हाव. इम्पोर्टेड हाय."

"कुठून?"

"उदगीरहून!"

आता एकच सांगतो.

मार्चमधली गोष्ट. दहावीची परीक्षा चालू होती आणि रात्रभर अवकाळी पडला. सकाळी सरांचा फोन, आवाज बदललेला. "बालाजीराव, पलीकडच्या वाडीतल्या माझ्या चार मुली अडकल्यात. वाटेत सगळा चिखल, ट्रॅक्टरबी रुतला. आज गणिताचा पेपर हाय."

ताई ड्यूटीवर होत्या. म्हणजे चालवणार मी! शेजारी सर. वाडीत पोचलो तर मुली पॅड-पेन घेऊन रस्त्यावरच उभ्या. आई-बाप पण उभे. रेणुका नावाच्या मुलीची आई म्हणाली, "भाऊ, वर्षभर पहाटं उठलीय ही."

मुली मागं बसल्या. वाटेतल्या ओढ्याच्या उतारावर गाडी एका बाजूला घसरायला लागली. मागं प्रमेय पाठ करायचा आवाज एकदम बंद झाला. मी थांबलो, गिअरच्या शेजारची छोटी दांडी ओढली.

रेणुकानं मागून विचारलं, "काका, ही कशाची दांडी?"

"ह्याला फोर-एल म्हणतात, बाळा. ही ओढली की गाडी घाई करत न्हाई. पण थांबत बी न्हाई."

सर मागं वळून म्हणाले, "प्रमेय म्हणा. बंद का केलं?"

पायथागोरसच्या प्रमेयावर आम्ही तो ओढा ओलांडला. केंद्रावर पोचलो तेव्हा शिपाई फाटक लावत होता. मुली चालत्या गाडीतूनच उतरल्यासारख्या पळाल्या. रेणुकाची एक चप्पल चिखलात राहिली, ती तशीच आत गेली. सर फाटकाबाहेर उभे राहिले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

निकाल लागला. चौघी पास, आणि रेणुका केंद्रात पहिली! आम्ही चौघं पेढे घेऊन वाडीत गेलो, त्याच वेळी पेपरचा वार्ताहरही आला होता. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "यशाचं श्रेय कुणाला?"

रेणुका म्हणाली, "आई-बाबांना, सरांना, आणि फोर-एलला."

त्यानं मान डोलावली, लिहून घेतलं. आम्हाला वाटलं त्याला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी फोटोसह छापून आलं: 'तिला आई-वडील, शिक्षक व लातूर येथील फोर-एल क्लासेसचे मार्गदर्शन लाभले.'

त्या रविवारी आम्ही गॅरेजवर बसलो होतो. सरांचा फोन वाजला. उमरीकडचे कुणी पालक, शाळेतून नंबर मिळवलेला. "सर, ते फोर-एल क्लासेस तुमच्या वळखीचे हायत म्हणं. पुढच्या बॅचला आमच्या पोरीला जागा मिळंल का?"

सरांनी फोनवर हात ठेवून आम्हाला प्रश्न सांगितला. शकीलभाईंनी हात पुसले, फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"जागा हाय. पण मागं बसावं लागंल, आन् हादरे लई बसतात."

पलीकडून पालक म्हणाले, "बसू द्या की! त्याबिगर मार्क पडतेत का?"